आजोबा गॅलिशियाचे, नातू राजारामपुरीचा

ह्या खेपेला पासपोर्ट, नावातल्या चुका, जन्माचे दाखले असली नेहमीची पत्रं होतीच, पण कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या एका वहिनींचं पत्र वाचून मी चहा गार होऊ दिला. म्हणून आज बहुतेक जागा त्यांनाच.

प्रश्न : भाऊजी नमस्कार. मी शाळेतनं रिटायर झालेय. थोरला मुलगा आयटीत आहे आणि सूनबाई अर्जेंटिनाची, ब्युनोस आयर्सची. पांढरा रस्सा माझ्यापेक्षा बरा करते, ते असो. तिचे आजोबा मूळचे स्पेनचे, गॅलिशिया भागातले, 1950 साली बोटीनं अर्जेंटिनाला गेले ते तिकडचेच झाले. तिनं 2025 च्या ऑगस्टमध्ये मुंबईला स्पेनच्या कॉन्सुलेटात नागरिकत्वाची फाइल दिलीय, निकाल अजून नाही. नातू साडेतीन वर्षांचा आहे, जन्म इथलाच. दुसरं बाळ दोन महिन्यात होईल. मुलगा म्हणतोय सूनबाईचं झालं की पोराचं पण लगेच उरकून टाकू, माझं पण होईल. आमच्या ह्यांना मात्र झोप नाही, त्यांचं म्हणणं पोरगं स्पॅनिश झालं तर शिरोळची अडीच एकर कोणाच्या नावावर करायची? आणि एका घरात एक भाऊ भारतीय, दुसरा स्पॅनिश असं होतं का?

उत्तर : वहिनी, आधी सूनबाईंचं बघू, कारण सगळी गाडी तिथनं सुटते.

स्पेनमध्ये 2022 च्या ऑक्टोबरात लोकशाही स्मृतीचा कायदा आला, 20/2022 नंबरचा, लोक त्याला सरळ ‘ले दे नियेतोस’ म्हणतात, म्हणजे नातवंडांचा कायदा. तिकडं 1936 ते 39 यादवी युद्ध झालं, मग फ्रँकोची हुकूमशाही, ती तो 1975 ला मेला तेव्हा संपली. ह्या काळात विचारांमुळं, श्रद्धेमुळं ज्यांना देश सोडावा लागला आणि त्यात ज्यांचं नागरिकत्व गेलं त्यांच्या मुलानातवंडांना ते परत मागायची मुभा ह्या कायद्यानं दिली. देश सुटणं म्हणजे काय ते आपल्या कोल्हापूरला सांगायची गरज नाही, वळिवड्याला 1943 ते 48 पोलंडची जवळपास पाच हजार माणसं कॅम्पात राहून गेली, महावीर गार्डनमध्ये त्यांचा स्तंभ आहे, नातवाला फिरायला नेता तेव्हा बघितला असेलच.

मग आजोबा राजकारणामुळं गेले की पोटासाठी, हे आता कोण सांगणार? तर तिथं एक सोय आहे. 18 जुलै 1936 ते 31 डिसेंबर 1955 ह्या दरम्यान जो स्पेन सोडून गेला तो परागंदा झाला असं धरूनच चालतात, फक्त गेल्याची तारीख कागदावर दिसली पाहिजे. 1956 नंतर गेलेल्यांना मात्र कारण सिद्ध करत बसावं लागतं. तुमचे व्याही-आजोबा 1950 चे, म्हणजे ह्या बाबतीत नशीबवान. बोटीची नोंद, जुना पासपोर्ट, अर्जेंटिनाच्या इमिग्रेशनचा दाखला, यातलं सूनबाईंनी काय लावलंय ते विचारून घ्या.

अर्ज घ्यायची मुदत आधी दोन वर्षं होती, मग एक वर्ष वाढवली, आणि 21 ऑक्टोबर 2025 ला खिडकी बंद झाली. सूनबाईंची फाइल ऑगस्टची, म्हणजे ती आत आहे, आता वाट बघायची आणि ईमेल तपासत राहायचं, कारण एखादा कागद कमी आहे म्हणून पत्र येतं आणि त्याला मुदत असते.

समजा काही कारणानं नाहीच झालं तरी दार पूर्ण बंद नाही. ज्याचे आजोबा किंवा आजी जन्मानं स्पॅनिश होते त्याला स्पेनमध्ये एकच वर्ष कायदेशीर राहून नागरिकत्व मागता येतं, हा त्यांच्या नागरी संहितेतला जुना नियम आहे, त्याला 2025 ची मुदत नाही. तिकडं जाऊन राहावं लागतं एवढंच. आणि सूनबाईंचं अर्जेंटिनाचं नागरिकत्व कुठं जात नाही, दोन्ही ठेवता येतात, त्यांची मजा आहे.

आपली नाही. आता चिरंजीव.

‘माझं पण होईल’ हे त्यांना कोणी सांगितलं माहीत नाही. स्पॅनिश माणसाशी लग्न केलं म्हणून कोल्हापुरात किंवा पुण्यात बसून कोणी स्पॅनिश होत नाही. लग्नाला वर्ष झालेलं पाहिजे आणि शिवाय स्पेनमध्ये एक वर्ष कायदेशीर, सलग राहिलेलं पाहिजे. वर भाषेची डेले ए-2 परीक्षा, आणि राज्यघटना-समाज यावरची सीसीएसई म्हणून एक परीक्षा, 25 प्रश्न, त्यातले 15 बरोबर यायला लागतात. एवढं करून झालं की राजाला आणि घटनेला निष्ठेची शपथ घ्यायची आणि भारतीय नागरिकत्व सोडतो म्हणायचं. नाही म्हटलं तरी आपल्याकडं 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 आहे, आपण होऊन परदेशी नागरिकत्व घेतलं की इकडचं आपोआप संपलं. पासपोर्ट जमा करायचा, सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, आणि मग ओसीआय, म्हणजे परदेशी झालेल्या मूळच्या भारतीयांसाठीच्या, कार्डासाठी अर्ज. त्या कार्डाला लोक दुहेरी नागरिकत्व म्हणतात, ते तसं नाही, तो आयुष्यभराचा व्हिसा आहे असं समजा. मतदान नाही.

भाऊंना सांगा, झोप घालवायचं एवढं कारण नाही पण थोडं आहे. ओसीआय वाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि बक्षीसपत्रानं पण देता येत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि बापानं मोठ्या हौसेनं बक्षीसपत्र केलेलं असतं. वारसानं मात्र येऊ शकते. म्हणजे अडीच एकर शिरोळची नातवाकडं वारसाहक्कानं जाऊ शकते, शेजारची अर्धा एकर विकायला निघाली तर ती मात्र त्याला घेता येणार नाही.

आता नातू. आई स्पॅनिश झाली आणि मूल अज्ञान, म्हणजे 18 च्या आतलं, आहे, तर मूल आईच्या पालकत्वाखाली आहे म्हणून त्याला ‘ओप्सियोन’ नावाचा हक्क मिळतो, म्हणजे पर्याय. लहान असेल तर आईबाप त्याच्या वतीनं घेतात. चिरंजीव ज्याला ‘उरकून टाकू’ म्हणतायत ते हे. पण वहिनी, हा हक्क पोरगं 18 चं झाल्यावर स्वतः पण वापरू शकतं, साधारण वय 20 पर्यंत. आई त्याच्या 18 च्या आत स्पॅनिश झालेली असली म्हणजे झालं. साडेतीन वर्षांच्या पोराचं ‘उरकण्यात’ मला तरी अर्थ दिसत नाही, कारण तिकडचा पासपोर्ट हातात आला की इकडचा जमा करायची वेळ येते, मग स्वतःच्या गावात ओसीआय कार्डावर राहायचं, शाळा-कॉलेजच्या ॲडमिशनला एनआरआयच्या रांगेत उभं राहायचं. कुटुंब खरंच स्पेनला राहायला निघालं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा बिनधास्त करा. नुसतं ‘असू दे हाताशी’ म्हणून करू नका. 14 वर्षं हातात आहेत, पोराला मिसरूड फुटू दे, त्याला विचारा.

दुसऱ्या बाळाचा हिशोब मात्र वेगळा आहे, आणि तुमची शंका बरोबर आहे. सूनबाईंचं नागरिकत्व नोंद झाल्यावर बाळ जन्मलं तर ते जन्मानंच स्पॅनिश, कारण आई स्पॅनिश. आधी जन्मलं तर थोरल्यासारखंच, पर्यायवालं. म्हणजे कॉन्सुलेटातली फाइल आणि डॉक्टरनी दिलेली तारीख, कोण पहिला येतंय बघायचं! बाप भारतीय आणि जन्म इथला म्हणून ते भारतीय पण असणारच. जन्मानं दोन्हीकडचं असणं हा काही गुन्हा नाही, पण दोन पासपोर्ट काढून खिशात ठेवायला आपल्याकडं परवानगी नाही, तेव्हा एकच काढायचा. अजून एक, आई पण स्पेनबाहेर जन्मलेली आणि मूल पण बाहेर जन्मलेलं, राहणारं पण बाहेरच, तर त्या मुलानं सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांच्या आत ‘मला स्पॅनिश राहायचंय’ असं कळवावं लागतं, नाहीतर ते हातचं जातं. हे कॅलेंडरवर लिहून ठेवण्यासारखं नाही, पण जन्मदाखल्याच्या प्लास्टिकच्या फाइलीत चिठ्ठी करून टाका.

दाखल्यावरनं आठवलं, तुम्ही सोबत नातवाच्या जन्मदाखल्याचा फोटो पाठवलाय तो नीट बघितलात का? आईच्या नावाच्या रकान्यात सूनबाईंचं पहिलं नाव, पुढं तुमच्या मुलाचं नाव, पुढं तुमचं आडनाव. दवाखान्यातल्या फॉर्मवर आपल्या सवयीनं तसं भरलं गेलं आणि महापालिकेत तसंच उतरलं. सूनबाईंच्या पासपोर्टवर त्यांचं माहेरचं आडनाव आहे. स्पेनमध्ये बाई लग्नानंतर नाव बदलतच नाही, तिकडच्या माणसाला दोन आडनावं असतात, एक बापाकडचं एक आईकडचं, मरेपर्यंत तीच. त्यामुळं तिकडचा क्लार्क हा दाखला बघून म्हणणार की ही आई दुसरीच कोणीतरी बाई आहे. हे आत्ताच दुरुस्त करून घ्या, पोरगं 18 चं झाल्यावर नको. आमच्या घरात एकाचा दाखला चाळीस वर्षं नुसता ‘मुलगा’ एवढ्याच नावानं होता, ते निस्तरताना जे हेलपाटे झाले ते मी मोजले नाहीत.

दुरुस्ती झाली की तो दाखला आधी मंत्रालयातनं प्रमाणित करायचा आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील, म्हणजे दाखला खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का. भारत 2005 पासून हेग करारात आहे म्हणून एवढ्यावर भागतं. अपोस्टीलची सरकारी फी कागदाला 50 रुपये, त्यावर एजन्सीचा चार्ज. त्यानंतर स्पॅनिश भाषांतर, ते मान्यताप्राप्त शपथेवरच्या भाषांतरकाराकडनंच, सूनबाईंना स्पॅनिश येतं म्हणून त्यांनी घरी केलेलं चालत नाही. (महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघून मुंबईचं काम एका दिवसात होईल असं समजू नका, मुक्काम धरूनच जा.)

आणि एक सांगतो, अर्जेंटिनात कुठल्याही स्पॅनिश माणसाला ‘गायेगो’ म्हणजे गॅलिशियाचा असंच म्हणायची पद्धत आहे, आपल्याकडं दक्षिणेतला कोणीही ‘मद्रासी’ व्हायचा तसं. तेव्हा आजोबा खरंच गॅलिशियाचे का, हे घरातल्या गोष्टीवर सोडू नका, त्यांच्या जन्माच्या सविस्तर नोंदीवर गाव असतं ते बघा. तिकडं सरकारी जन्मनोंदी 1871 पासून आहेत, गाव माहीत असलं की नक्कल फुकट मागवता येते.

प्रश्न : माझी आजी गोव्यातली, पेडण्याची, जन्म 1938. आम्ही चंदगडचे. एक एजंट म्हणतोय गोव्याच्या आजीवर स्पेनचं नागरिकत्व मिळतं, चार लाख लागतील, एक लाख आधी. भरू का?

उत्तर : भरू नका राव. गोवा पोर्तुगालकडं होता, स्पेनकडं नव्हता, एवढं ज्या एजंटाला माहीत नाही त्याला एक लाख काय, चहाचे पैसे देऊ नका. 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपलं नागरिक मानतं आणि त्यांचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंदवून पुढच्या पिढ्या अर्ज करतात, गोव्यातनं इंग्लंडला गेलेली कितीतरी माणसं ह्याच वाटेनं गेली. पण ती पोर्तुगालची वाट, आणि शेवटी भारतीय पासपोर्ट सोडायचा तो तिथं पण सोडायलाच लागतो. आधी आजीची जन्मनोंद गोव्यात सापडते का बघा, पोर्तुगीजमधली. ती नसेल तर पुढं काहीच नाही.

प्रश्न : मुलगी स्पॅनिश शिकलीय, आता मास्टर्सला माद्रिदला चाललीय. आमच्या पूर्वजात कोणी स्पॅनिश नाही. तिचं किती वर्षात होईल?

उत्तर : भारतीय माणसाला साधा रस्ता 10 वर्षांच्या कायदेशीर रहिवासाचा. अर्जेंटिना, मेक्सिको, फिलिपिन्सवाल्यांना दोनच वर्षं, कारण जुनं साम्राज्य. आणि तुम्ही धरून बसला असाल म्हणून सांगतो, स्टुडंट व्हिसावरचा काळ त्या दहात मोजत नाहीत, नोकरीचं परमिट मिळालं की तिथनं मोजायला सुरुवात. तिला आत्ता फक्त गरम कपडे आणि चटणी द्या, माद्रिदची थंडी समुद्राकाठच्या गावांसारखी नसते.