टेबलात पहिला, तरी चॅम्पियन दुसराच?

प्रश्न : आमच्या कोल्हापुरात फुटबॉलचं वेड आहे तसं मलाही आहे, हल्ली ऑस्ट्रेलियाची ए-लीग बघतोय. त्यातल्या सेंट्रल कोस्ट मरिनर्स या क्लबचा सीझनवार रेकॉर्ड वाचला तर 2007-08 ला टीम पॉइंट्स टेबलात पहिली, पण चॅम्पियन न्यूकॅसल जेट्स. आणि चार वेळा तळाला जाऊनही टीम त्याच लीगमध्ये कशी?

उत्तर : तिकडे दोन वेगळे मान आहेत हो. लीगच्या सगळ्या मॅचेस संपल्यावर टेबलात जो वर तो प्रीमियर, मग वरच्या टीम्सची फायनल्स सीरिज होते आणि ग्रँड फायनल जिंकणारा चॅम्पियन. आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) 2024-25 पर्यंत टेबलात पहिल्याला शील्ड आणि फायनल जिंकणाऱ्याला कप असं वेगळं असायचं ना, अगदी तसंच. त्यामुळे रेकॉर्ड वाचताना टेबलातला नंबर आणि फायनल्सचा निकाल हे दोन्ही रकाने बघायचे. 2007-08 ला मरिनर्स प्रीमियर पण ग्रँड फायनल 1-0 ने गेली, 2012-13 ला बरोब्बर उलटं, टेबलात दुसरे आणि फायनलमध्ये वेस्टर्न सिडनीला 2-0 हरवून चॅम्पियन. 2011 ची फायनल तर आठवली तरी जीव तुटतो, मरिनर्स एक्स्ट्रा टाइममध्ये 2-0 ने पुढे, शेवटच्या तीन-चार मिनिटांत ब्रिस्बेनने दोन गोल मारले आणि पेनल्टी शूटआउटमध्ये मॅच जिंकली.

तळाला जाण्याचं म्हणाल तर ए-लीगमध्ये शेवटच्या टीमला खालच्या लीगमध्ये ढकलणं, म्हणजे रेलिगेशन, हा प्रकारच नाहीये. म्हणून 2015-16 ला 27 मॅचमध्ये 70 गोल खाऊनही क्लब टिकला, नंतर 2017-18 पासून सलग तीन सीझन शेवटचा नंबर. गॉसफर्डसारख्या छोट्या गावाचा क्लब, स्टेडियमची एक बाजू मोकळी, तिथे ताडासारखी पामची झाडं आणि पलीकडे खाडीचं पाणी, पैसा मोठ्या शहरांच्या मानाने कमीच, पण तरुण पोरांना खेळवत राहिले.

आणि मग 2023-24. पहिल्या चारही लीग मॅच हरले होते बरं का! तरी 1 मे ला प्रीमियर झाले, 5 मे ला मस्कतमध्ये लेबनॉनच्या अल अहेदला 1-0 हरवून एएफसी कप ही आशियाई क्लबांची स्पर्धा जिंकली (त्याच्या आधी आपल्या ओडिशा एफसीला घरी 4-0 हरवलं होतं, भुवनेश्वरला मात्र ओडिशाने 0-0 वर रोखलं) आणि 25 मे ला गॉसफर्डमध्येच ग्रँड फायनल, मेलबर्न व्हिक्टरी 1-0 ने पुढे, 90 मिनिटं संपली आणि इंज्युरी टाइममध्ये रायन एडमंडसनने बरोबरी केली, एक्स्ट्रा टाइममध्ये मरिनर्स 3-1 ने जिंकले. त्या एका सीझनपुढे दोन्ही रकान्यांत मरिनर्सच दिसतील तुम्हाला.