दारू सोडणारा मारेकरी आणि वाचकांचे प्रश्न

'यू किल मी' हा २००७ सालचा चित्रपट अनेकांनी नुकताच पाहिलेला दिसतो. जॉन डाल यांचं दिग्दर्शन, मुख्य भूमिकेत बेन किंग्जली. बफेलो शहरातला फ्रँक हा भाडोत्री मारेकरी इतका पितो की ज्याला मारायचं त्याची वाट बघता बघता झोपून जातो आणि सावज निसटतं. टोळीवाले त्याला दारू सोडायला सॅन फ्रान्सिस्कोला पाठवतात. तिथे तो दारू सोडू पाहणाऱ्यांच्या, एकमेकांना आधार देणाऱ्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेच्या, म्हणजे 'एए'च्या मीटिंगला जाऊ लागतो आणि मृतदेहांची अंत्यसंस्कारापूर्वीची तयारी करणाऱ्या ठिकाणी नोकरी धरतो. चित्रपट विनोदी आहे. डॉक्टर म्हणून मला आलेली पत्रं तशी नाहीत. विचारलंय फ्रँकबद्दल, पण प्रत्येक पत्रात घरातलं कुणीतरी आहे, आणि गैरसमज तेच ते आहेत. म्हणून एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न : माझे मोठे भाऊ बारा वर्षं रोज पितात. चित्रपट बघून ते म्हणाले, "हा सोडू शकतो तर मीही सोडेन, सोमवारपासून एकदम बंद." ओळखीच्या एकांनी सांगितलं की चार दिवस खोलीत कोंडून ठेवा, थोडा त्रास होईल, मग सुटते. असं करावं का?

नाही. कोंडून तर मुळीच ठेवू नका. आणि सोमवारच्या आधी डॉक्टरांना दाखवा.

हे मी वर्षानुवर्षं सांगतो आहे, तरी दर आठवड्याला कुणीतरी असा सल्ला ऐकून येतं, म्हणून सविस्तर लिहितो. दारू मेंदूला मंद करते. रोज दारू मिळत राहिली की मेंदू तोल सांभाळण्यासाठी स्वतःला जास्त चेतवून ठेवायला शिकतो. दारू एकदम काढून घेतली तरी हे चेतवलेपण लगेच जात नाही. शेवटच्या पेल्यानंतर साधारण सहा तासांत हात थरथरू लागतात, घाम येतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि ती आधी कधीच फिट न आलेल्या माणसालाही येते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना डिलिरियम ट्रेमेन्स होतो : माणूस भ्रमात जातो, वेळ-जागेचं भान सुटतं, नसलेल्या गोष्टी दिसतात, ताप चढतो, नाडी आणि रक्तदाब वाढतो. उपचार नसतील तर यात माणूस दगावतो. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक जण वाचतात.

एका रुग्णाला तिसऱ्या रात्री आणलं होतं. तो खाटेवर बसून चादरीवरच्या मुंग्या चिमटीने वेचत होता. एकेक उचलून शेजारच्या स्टुलावर ठेवत होता, पुन्हा वाकत होता. चादरीवर एकही मुंगी नव्हती. त्याची बायको मला सांगत होती, "काल दिवसभर बरे होते हो, आम्हाला वाटलं सुटली." दुसऱ्या दिवशी बरा दिसणारा माणूस तिसऱ्या रात्री असा होऊ शकतो, हे कोंडून ठेवण्याचा सल्ला देणाऱ्याला ठाऊक नसतं. बंद दाराआडचा आरडाओरडा त्याला 'थोडा त्रास' वाटतो.

आम्ही यात काय करतो? बेंझोडायझेपीन गटातली, म्हणजे चेतवलेला मेंदू शांत करणारी औषधं तपासणीप्रमाणे सुरू करून काही दिवसांत कमी करत नेतो. यकृत बिघडलेलं असेल तर औषध वेगळं निवडावं लागतं. बरोबर थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, बहुतेकदा इंजेक्शनने देतो. रोज पिणाऱ्यांच्या शरीरात ते फार कमी असतं. ते न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. "अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा" असं परस्पर सांगणाऱ्यांनी हे ऐकावं. ज्याच्याकडून सलाईन लावून घेणार, त्याला दारूबद्दल सगळं खरं सांगा.

सगळ्यांनाच दाखल व्हावं लागतं असं नाही. पण आधी कधी फिट आली असेल, भ्रम झाला असेल, सकाळी उठल्याउठल्या घ्यावी लागत असेल, यकृताचं किंवा हृदयाचं दुखणं असेल, वय जास्त असेल किंवा घरी बघायला कुणी नसेल, तर घरी प्रयोग नको. मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणून देणं हाही प्रयोगच आहे. गोळ्यांवर पुन्हा दारू घेतली तर श्वास मंदावतो. डॉक्टर भेटेपर्यंत दारू स्वतःहून एकदम तोडू नका. पण म्हणून महिनाभर थांबायचंही नाही. "पुढच्या महिन्यात बघू" म्हणत आलेल्यांची यकृतं मी तपासलेली आहेत. भावाच्या मनात आलं आहे ना? मग याच आठवड्यात घेऊन या. फिट, भ्रम, ताप, रक्ताची उलटी यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : व्हिस्की सोडून फक्त बीअर घेतली तर?

बीअर ही दारूच आहे.

प्रश्न : दोन पेग घेतल्यावर माझा हात स्थिर होतो, मग कामही नीट होतं. मारेकऱ्यालाही असंच होत असेल ना?

सकाळी थरथरणारा हात दारूने थांबतो, तेव्हा दारूने फक्त दारूच्याच अभावाची भरपाई केलेली असते. कंपाचे काही वेगळे आजारही दारूने तात्पुरते शमतात, त्यामुळे तुमचा कंप कशाचा आहे ते तपासूनच सांगता येईल. तोवर यंत्रावर काम करू नका, गाडी चालवू नका. हात स्थिर झाला तरी अंदाज आणि निर्णय मंदावलेलेच असतात.

प्रश्न : माझे मिस्टर मीटिंगला जाणार नाहीत आणि डॉक्टरकडेही. जाहिरातीतली एक पावडर आहे, जेवणात मिसळायची, पिणाऱ्याला कळतही नाही आणि दारूची किळस येते म्हणे. मागवू का?

मागवू नका, आणि मागवली असेल तर वापरू नका. डब्यात काय आहे हे ना तुम्हाला ठाऊक, ना मला. कदाचित काहीच नसेल. मग पैसे गेले आणि महिने गेले. दुसरी शक्यता जास्त वाईट आहे : त्यात डायसल्फिराम असू शकतं.

हे खरं औषध आहे, आम्हीही देतो. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की शरीरात ॲसिटाल्डिहाइड हे दारूपासून तयार होणारं विषारी द्रव्य साचतं. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये हाल्ड आणि याकोबसेन हे दोघे संशोधक जंतांवरचं औषध म्हणून ते तपासत होते. त्यांनी ते स्वतः घेतलं आणि नंतर दारू घेतल्यावर आजारी पडले, तेव्हा हा परिणाम लक्षात आला. आपण काय गिळलं हे त्यांना माहीत होतं. तुमच्या मिस्टरांना माहीत नसेल. ते नेहमीसारखे पितील, आणि हृदय कमजोर असेल तर ती रात्र त्यांची शेवटची ठरू शकते. हे औषध यकृतालाही इजा करू शकतं, आणि शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत त्याचा असर राहू शकतो. म्हणून ते रुग्णाच्या संमतीने, तपासण्या करून, खोकल्याच्या औषधातल्या अल्कोहोलपासूनही जपायला सांगून द्यायचं असतं. 'कळतही नाही' हा त्या जाहिरातीतला सर्वांत धोकादायक शब्द आहे.

ओढ कमी करणारी औषधंही आहेत : नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट. पहिलं अफूवर्गातली वेदनाशामकं घेणाऱ्याला चालत नाही, दुसरं मूत्रपिंड निकामी असलेल्याला. कुठलं द्यायचं हे रक्ताचे रिपोर्ट बघून ठरतं. मिस्टर येत नसतील तर तुम्ही एकट्या या. पिणारा तयार नसताना घरच्यांनी काय करावं, काय थांबवावं, हेही उपचारातच येतं.

प्रश्न : फ्रँकला चांगलं व्हायचंय म्हणून तो दारू सोडत नाही, धंदा नीट करता यावा म्हणून सोडतो. असल्या कारणाने सुटलेली दारू टिकते का? आणि अशा माणसावर डॉक्टरांनी उपचार करावेत का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी : करावेत. व्यसन हा आजार आहे आणि आजारी माणसाचे उपचार चारित्र्य बघून ठरत नाहीत. पण दारू सुटली म्हणजे माणूस सज्जन झाला असं नाही. दारू सुटल्यावरही मारहाण करणारा नवरा मारहाण करत असेल, तर तो वेगळा प्रश्न आहे, आणि बायकोने त्यासाठी वेगळी मदत घ्यावी.

आता कारणाचं. माझ्याकडे स्वतःच्या मनाने आलेले कमीच. कुणाला साहेबांनी पाठवलेलं असतं, कुणाला बायकोने, कुणाला रिपोर्टने. दारापर्यंत आणणारं कारण कुठलंही चालतं, पुढची कारणं आत आल्यावर सापडतात. मला चित्रपटातली काळजी दुसरीच वाटते. जे काम करून रोज रात्री प्यावीशी वाटायची, त्याच कामावर आणि त्याच माणसांत परत गेलं की ओढ परत येते. शहर बदलल्याने फ्रँकला थोडी उसंत मिळाली. तुमच्या माणसाला शहर बदलता येणार नाही, पण संध्याकाळचा रस्ता आणि सोबत बदलता येते. कशी, ते समुपदेशकाबरोबर बसून ठरवा.

प्रश्न : फ्रँक मीटिंगमध्ये उघड सांगतो की मी माणसं मारतो. तिथे सांगितलेलं गुप्त राहतं ना?

एएमध्ये नाव न सांगणं ही परंपरा आहे, कायद्याचं कवच नव्हे. अमेरिकेतच याचा खटला झाला आहे. १९८८ च्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यात एका तरुणाने दारूच्या अमलाखाली एका घरात शिरून दांपत्याचा खून केला. पुढे दारू सोडताना त्याने ते एएतल्या सोबत्यांना सांगितलं. त्यांच्यातल्या एकीने काही वर्षांनी पोलिसांना कळवलं आणि १९९४ मध्ये त्याला शिक्षा झाली. २००१ मध्ये एका संघीय न्यायाधीशाने धर्मगुरूला सांगितल्यासारखंच हे गोपनीय मानून शिक्षा रद्द केली. २००२ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला : हे बोलणं आध्यात्मिक मार्गदर्शनासाठी नव्हतं. डॉक्टरांच्या गोपनीयतेलाही मर्यादा आहे. सॅन फ्रान्सिस्को ज्या राज्यात आहे त्या कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच म्हटलं की रुग्णापासून कुणाच्या जिवाला गंभीर धोका असेल, तर त्या व्यक्तीला वाचवण्यासाठी उपचारकाने पावलं उचलली पाहिजेत.

पिऊन घडलेला अपघात, उचललेला हात, गुपचूप घेतलेले पैसे असं पुष्कळांच्या मनात असतं. ते मनात ठेवून दारू सुटणं अवघड जातं, म्हणून बोला. पण गुन्ह्यासारखं काही असेल तर आधी वकिलाला विचारा.

प्रश्न : देव न मानणाऱ्याला एए चालतं का?

चालतं. अनेक नास्तिक जातात. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास तपासले गेले. दारू पूर्ण बंद राहण्याच्या बाबतीत एए आणि त्याकडे नेणारे शिस्तबद्ध उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस दिसले. तरीही नाहीच पटलं तर इतर मार्ग आहेत, डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : सात महिने बंद होती, परवा घेतली. आता सगळं पहिल्यापासून?

नाही. सात महिने गेले नाहीत, ते तुमच्याकडेच आहेत. मात्र दोन गोष्टींची सावधगिरी बाळगा. शरीराची सवय मोडली आहे, जुन्या प्रमाणात प्यायलात तर जिवावर बेतू शकतं. आणि परवाच्या एकाची रोजची होऊ देऊ नका. रोज सुरू झाली असेल तर पुन्हा स्वतःहून तोडू नका, वरचं पहिलं उत्तर वाचा. "डॉक्टरांना तोंड कसं दाखवू" म्हणून लोक तीन-तीन महिने लांबवतात. आम्ही रागावत नाही. उद्या या.

प्रश्न : चित्रपटात तो दारू सोडता सोडता प्रेमात पडतो. पहिल्या वर्षात नवं नातं नको म्हणतात, ते नियमातच आहे का?

एएच्या कार्यक्रमाच्या ज्या बारा पायऱ्या आहेत त्यांत तसं लिहिलेलं नाही, पण जुने सदस्य सांगतात ते अनुभवाचं आहे. लग्न ठरत असेल तर समोरच्याला दारूचं खरं सांगा, आणि जमलं तर दोघं मिळून एकदा भेटायला या.