विचारा की! – नेटवरची कथा आणि मग पुस्तक

या महिन्यात एकाच विषयाची पत्रं इतकी आली की बाकीची पुढच्या अंकावर ढकलतेय. माफ करा हं.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी मी एका कथांच्या साइटवर ३४ भागांची कादंबरी टाकली, फुकट, टोपणनावाने. लोकांना आवडली. आता तिचं ईबुक करून किंडल अनलिमिटेडला टाकायचंय. पण साइटचा नियम असा की एकदा टाकलेलं कायम संग्रहात राहणार, फार तर लेखकाचं नाव काढून देतील, मजकूर नाही. कॉपीराइट तर माझाच आहे ना, मग अडचण कुठे येते?

कॉपीराइट तुमचाच आहे, त्याबद्दल वादच नाही. पण कॉपीराइट तुमचा असणं वेगळं आणि ती कथा "दुसरीकडे कुठेच नाही" असं लिहून देता येणं वेगळं, आणि तुम्हाला हवीय ती स्कीम नेमकं हेच दुसरं लिहून मागते.

किंडलवर स्वतःचं पुस्तक टाकायचं तर केडीपीवर, म्हणजे अॅमेझॉनच्या किंडल डायरेक्ट पब्लिशिंगवर, अकाउंट काढायचं, इथपर्यंत सोपं आहे. पण किंडल अनलिमिटेडमध्ये जायचं, म्हणजे वाचक वर्गणी भरून वाचतात आणि लेखकाला वाचलेल्या पानांप्रमाणे पैसे मिळतात तिथे, तर केडीपी सिलेक्टला टिक करावी लागते. ती टिक म्हणजे ९० दिवसांचा करार, आणि तुम्ही काही केलं नाहीत तर तो आपोआप पुढच्या ९० दिवसांसाठी रिन्यू होतो. त्या काळात पुस्तकाचा डिजिटल मजकूर दुसरीकडे विकायचाही नाही आणि फुकट द्यायचाही नाही, स्वतःच्या ब्लॉगवरसुद्धा नाही. सँपल म्हणून १० टक्क्यांपर्यंत चालतं. म्हणजे तुमच्या ३४ भागांतले पहिले तीन राहिले तर कुणी काही म्हणणार नाही, बाकीचे ३१ उतरवावे लागतील, आणि तुमच्या साइटवर उतरवायचं बटणच नाहीये!

मी स्वतः यात तोंडावर आपटलेय म्हणून एवढं ठासून सांगतेय. माझी एक दीर्घकथा अशाच एका ठिकाणी होती. अटी वाचल्याच नव्हत्या, कोण वाचतं. नंतर ती नीट तपासून, कव्हर बनवून, सिलेक्टला टिक करून मोकळी झाले, आणि काही दिवसांनी रात्री अकराला ईमेल, की हा मजकूर वेबवर फुकट उपलब्ध दिसतोय, प्रकाशनाचे हक्क तुमच्याकडे आहेत का ते कळवा. मी लगेच कथेतलं एक वाक्य अवतरणचिन्हांत टाकून सर्च केलं. पहिल्या ड्राफ्टमध्ये माझी टायपो होती, "तिनं कपाट उघडलं" ऐवजी "तिनं कपट उघडलं". तर सर्चमध्ये तीन ठिकाणी ती बाई कपट उघडून उभी! एक मूळ साइट, आणि दोन अशा जागा ज्यांचं नावही मी ऐकलं नव्हतं, तिथे कुणीतरी टायपोसकट उचलून चिकटवलेली. हसावं की रडावं. हक्क माझे आहेत हे सिद्ध करता आलं, पण मूळ साइटने काढायला नकार दिला, नियम म्हणजे नियम, आणि सिलेक्टमधून मला पुस्तक बाहेर काढावं लागलं.

तुमच्यासाठी एक महत्त्वाचं. साइट म्हणतेय ना की नाव काढून देतो, ते करू नका, निदान आत्ता घाईत तरी नको. नाव काढलं की कथा तिथेच राहते, फक्त ती तुमची असल्याचा सगळ्यात जुना आणि सोपा पुरावा जातो. उद्या केडीपीने विचारलं की हे तुमचंच कशावरून, तर तारखेसकट तुमचं नाव दिसणारं ते पान, तुमचं लॉगिन, भाग टाकल्याचे जुने ईमेल, हेच कामाला येतं. एओथ्री या फॅनफिक्शनच्या (चाहत्यांनी आवडत्या पात्रांवर लिहिलेल्या कथांच्या) संग्रहात अशीच "ऑर्फन" करायची, म्हणजे कथा ठेवून नाव काढायची सोय आहे, आणि एकदा केलं की ते परत फिरवता येत नाही.

मग करायचं काय? सिलेक्ट सोडा, किंडल नाही. टिक न करता पुस्तक किंडलवर विकता येतं, शिवाय कोबो, अॅपल बुक्स, गूगल प्ले सगळीकडे टाकता येतं. मात्र तिथेही किमतीचं बघा. तेच पुस्तक दुसऱ्या दुकानात फुकट दिसलं तर अॅमेझॉन आपल्याकडची किंमतही खाली आणू शकतं. आणि हो, सिलेक्टची अट फक्त डिजिटलला आहे. छापील प्रत ९० दिवसांतही कुठेही विका.

प्रश्न : मी जुनी वेबवरची कथा पूर्ण बदललीय. पात्रांची नावं वेगळी, शेवट वेगळा, दोन प्रकरणं नवीन. आता ते नवीन पुस्तकच झालं ना?

तुमच्या मनात झालं असेल. सिलेक्टच्या अटींत फक्त "हेच पुस्तक" असं नाहीये, त्याच्याशी स्पर्धा करेल, त्याचं मोल कमी करेल किंवा वाचकाचा गोंधळ उडवेल असा मजकूरही त्यात येतो. नुसती नावं बदलून तीच वाक्यं तशीच असतील तर मशीनला ते लगेच सापडतं, आणि माणसालाही सापडतं, कारण तुमचे जुने वाचकच रिव्ह्यूत लिहितील की अरे हे तर आम्ही फुकट वाचलंय. हां, कथाबीज तेवढं ठेवून पानापानाने पुन्हा लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. माझी साधी टेस्ट सांगते, जुन्यातली कुठलीही दहा वाक्यं घ्या आणि नव्यात शोधा. सहा-सात जशीच्या तशी सापडली तर ते जुनंच पुस्तक आहे, रंग दिलेलं.

प्रश्न : पण नेटवर फुकट टाकूनच लोक मोठे झालेत की! तुम्ही उगाच घाबरवताय असं नाही का?

झालेत, आणि मी घाबरवत नाहीये. अँडी वीअरची "द मार्शियन" ही कादंबरी घ्या. २००९ पासून त्याने ते स्वतःच्या वेबसाइटवर एकेक प्रकरण करत फुकट टाकलं, वाचकांनी मागितलं म्हणून २०११ मध्ये किंडलवर ९९ सेंटला ठेवलं, आणि २०१४ मध्ये क्राउन या प्रकाशनसंस्थेने ते छापलं. पण नीट बघा, कथा कुठे होती? स्वतःच्या वेबसाइटवर. ठेवायची की काढायची हे त्याच्या हातात होतं. तुम्ही जर "कायम राहील" म्हणणाऱ्या ठिकाणी टाकली असेल तर तो हात तुमच्याकडे नाही, सगळा फरक तिथे आहे. फुकट टाकण्याला माझा विरोध अजिबात नाही, मीही अजून टाकते.

रॉयल रोड या वेबकादंबऱ्यांच्या साइटवर लिहिणारे तर ठेवायचं-काढायचं हे सर्रास करतात. कथा तिथे भागाभागाने चालवायची, वाचक जमवायचे, आणि किंडल अनलिमिटेडला जायची वेळ आली की सुरुवातीचे नमुन्याचे भाग ठेवून बाकी उतरवायचं. त्याला ते "स्टब करणं" म्हणतात. वाचक थोडे चिडतात, आधी सांगितलं असेल तर कमी चिडतात.

प्रश्न : मी कथेला क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्स, म्हणजे अटी पाळून कुणीही ती फुकट वाटू शकेल अशी परवानगी, लावलं होतं. आता काढलं तर चालेल?

तुमच्या पानावरून काढू शकता, पण ज्यांनी ते लायसन्स असताना कथा घेतली त्यांच्याकडून परत घेता येत नाही, ती लायसन्सं मागे न घेता येणारीच आहेत. म्हणजे कुणीतरी ती कायदेशीरपणे स्वतःच्या साइटवर फुकट ठेवू शकतं, आणि तुम्ही सिलेक्टला टिक करून बसलात तर अडचण तुमची. अशा कथेला एक्सक्लुझिव्ह स्कीममध्ये टाकूच नका. बाकी विकायला कुणी अडवत नाही.

प्रश्न : कथा मासिकाला पाठवायची होती, पण आधी एका ग्रुपवर टाकलीय अभिप्रायासाठी. "पूर्वप्रकाशित" धरतील का?

ग्रुप कसा आहे त्यावर आहे. कुणालाही लॉगिन न करता वाचता येत असेल तर बरीच मासिकं ती प्रकाशितच धरतात, आणि पहिल्या प्रकाशनाचा हक्क एकदाच देता येतो, तो तुम्ही त्या ग्रुपला देऊन बसलात, तोही फुकट. मेंबरांपुरतंच बंद असेल, पासवर्ड लागत असेल, तर सहसा चालतं. तरी पाठवताना एका ओळीत सांगून टाका, लपवू नका, संपादकांनाही सर्च येतो हो.

प्रश्न : मग पुढची कथा टाकताना बघायचं तरी काय?

पोस्टचं बटण दाबायच्या आधी डिलीटचं बटण शोधा. खरंच, एक दोन ओळींची फालतू पोस्ट टाकून डिलीट करून बघा, अकाउंट बंद केल्यावर मजकुराचं काय होतं ते अटींत वाचा, "कायमस्वरूपी", "मागे न घेता येणारा" असे शब्द दिसले की थांबा. डिलीट झाली म्हणजे सगळीकडून गेली असंही नाही, वेबॅक मशीनमध्ये कॉपी राहू शकते, स्वतःची साइट असेल तर इंटरनेट आर्काइव्हला ईमेल करून ती काढायची विनंती करता येते. दुसऱ्याने उचललेली असेल तर त्या साइटला कॉपीराइटची नोटीस पाठवायची, कंटाळवाणं काम आहे पण होतं. माझ्या त्या दोनपैकी एका जागेने चौथ्या दिवशी काढली. दुसरीकडे ती बाई अजून कपट उघडतेय.