वादळाची रेघ बघू नका, आपण तिच्या कोणत्या अंगाला आहोत ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर गुहागरला समुद्रालगत, दुकान चिपळूणच्या बाजारपेठेत, अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र झालंय, अंदाज काढणारं एक संगणकी मॉडेल वादळ ओमानला नेतंय तर दुसरं थेट रत्नागिरीवर आणतंय. विश्वास कोणावर ठेवायचा आणि हलायचं कधी?

सध्या तरी कोणावरच नको. जोवर हवामान खातं डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाच्या क्षेत्राची वादळाआधीची पुढची पायरी, जाहीर करत नाही, तोवर मॉडेलला धरायला नीट केंद्रच नसतं, त्यामुळे मॉडेलच्या दर नव्या अंदाजाला वाटेची रेघ दोन-तीनशे किलोमीटर सहज सरकते. डिप्रेशन झाल्यावर खात्याच्या बुलेटिनमधला शंकू, म्हणजे केंद्र जिथून जाऊ शकतं तो रुंद होत जाणारा पट्टा, पाहा. आपलं गाव शंकूत आहे की नाही एवढंच त्यातून घ्यायचं, मधल्या रेघेला चिकटायचं नाही. अमेरिकी नौदलाचे वाऱ्याच्या वेगाचे आकडे आपल्या खात्यापेक्षा मोठे दिसतात, कारण ते एका मिनिटाची सरासरी घेतात आणि आपलं खातं तीन मिनिटांची. वादळ एकच असतं. ग्रुपवर त्यावरून दरवेळी भांडणं होतात, त्यात वेळ घालवू नका. बुलेटिनच्या वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक वेळेत, असतील तर साडेपाच तास मिळवा.

आता महत्त्वाचं. आपल्याकडे वादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो. पश्चिमेकडून येऊन ते किनाऱ्यावर चढलं, तर केंद्राच्या दक्षिणेला वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो आणि पाणी आत ढकलतो, उत्तरेला तो जमिनीवरून समुद्राकडे जातो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ चढलं, तेव्हा केळशी, आंजर्ले, हर्णे हा पट्टा दक्षिणेला आला. म्हणून ‘अलिबागला येतंय, आपण सुटलो’ असं गुहागरकराने म्हणू नये. तौक्ते 2021 च्या मे महिन्यात किनाऱ्याला समांतर वर गुजरातला गेलं. अशा वाटेत जमिनीवर न चढताही सगळा किनारा वादळाच्या उजव्या, म्हणजे वाईट अंगाला सापडतो.

नेट गेलं तरी हे घरबसल्या कळतं. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, केंद्र डाव्या हाताला, किंचित पुढे असतं. वारा आग्नेयेकडून दक्षिण, मग नैऋत्य असा वळत गेला तर केंद्र तुमच्या उत्तरेकडून जातंय, म्हणजे वाईट अंग तुमच्याकडे. आग्नेयेकडून पूर्व, मग ईशान्य झाला तर ते दक्षिणेकडून जातंय. दिशा तीच, वारा वाढतोय आणि दाब उतरतोय, तर ते सरळ अंगावर येतंय. अशा वेळी मधेच वारा पडला तर पत्रे बघायला छपरावर चढू नका, थोड्या वेळाने तो उलट्या बाजूने तेवढ्याच जोराने येतो.

हवेचा दाब काही फोनच्या सेन्सरवर दिसतो. पण तो रोजच दहाच्या सुमारास चढतो आणि चारच्या सुमारास दोन-तीन मिलिबारने उतरतो, दिवसा आणि रात्रीही. म्हणून सकाळी दहाचा आकडा दुपारी चारशी ताडून घाबरू नका, काल चारला किती होता ते बघा.

पाणी किती चढेल? दाब एक मिलिबार उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर फुगतो. निसर्गचा केंद्रातला दाब 984 च्या आसपास होता, म्हणजे दाबामुळे वीस-पंचवीस सेंटिमीटरच. बाकीचं काम वारा आणि लाटा करतात, आणि ते भरतीवर बसलं तरच खरं संकट. भरतीची वेळ जुन्या हिशेबाने काढा: तिथीची पाऊणपट. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पुढची सुमारे साडेबारा तासांनी. अंदाज म्हणून हे पुरतं, नेमक्या वेळेला भरतीचं कोष्टक घ्या. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण असेल तर गुहागरचं घर आदल्या दिवशीच उजेडात सोडा. अष्टमीची भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती असेल तर थोडी उसंत मिळते, पण लाटांचा इशारा हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती केंद्राकडून बघायचाच. होडी खाडीत बांधली असेल तर दोर आखूड नको. पाणी मीटरभर चढलं की आखूड दोर नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, खाली ओढतो आणि होडी भरते.

चिपळूणचं गणित वेगळं. 22 जुलै 2021 ला शहर बुडालं ते चक्रीवादळाने नाही. घाटात अतिवृष्टी, वाशिष्ठीला पूर, आणि दाभोळच्या खाडीतून वर चढणारी भरती. कोयनेच्या वीजगृहांतून सुटणारं पाणीही कोळकेवाडी धरणामार्गे याच नदीत येतं. म्हणून दुकानासाठी वाऱ्याचा नकाशा उपयोगाचा नाही. पोफळी आणि घाटमाथ्यावरचा पाऊस बघा. 24 तासांत 204.4 मिमीच्या वर गेला की खात्याच्या भाषेत ‘अत्यंत मुसळधार’, पण तेवढाच पाऊस सहा तासांत पडला तर नदीला तो कितीतरी भारी. आकडा सकाळी साडेआठचा असतो, तोवर रात्र उलटून गेलेली असते, म्हणून रात्री दर तासाचा पाऊस विचारत राहा. रडारवर फार विसंबू नका. मुंबई आणि पणजी दोन्ही लांब, तिथून किरण आपल्याकडे उंचावरून जातो आणि घाटातला खालच्या ढगांचा पाऊस कमी दिसतो.

घाटात जोर आहे आणि भरती पहाटेची आहे, तर माल संध्याकाळीच हलवा. फळी-दोन फळ्या वर नको, 2021 च्या खुणेच्या वर, म्हणजे बहुतेकांना माळाच. पाणी शटरआधी संडास आणि मोरीतून वर येतं, तिथे वाळूची पिशवी दाबून ठेवा. सिलिंडर रिकामा असला तरी साखळीने बांधा, तो तरंगतो. मेन स्विच पाणी येण्याआधी बंद. नंतर वायरमनने मीटर आणि बोर्ड तपासल्याशिवाय चालू करू नका, वरून कोरडा दिसणारा बोर्डही आत चिखल धरून बसलेला असतो.