विक्री घटली, मग नफा कुठून आला?

वाचकांचे पैशाचे प्रश्न

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. नाना पेठेत आमचं टायरचं दुकान आहे, सासऱ्यांनी चाळीस वर्षांपूर्वी सुरू केलेलं. बिलं, जीएसटी आणि उधारीची वही मी सांभाळते. मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजात एका जागतिक कंपनीच्या ताळेबंदावर प्रकल्प करायचा होता, तेव्हा घरचाच धंदा म्हणून त्याने मिशेलिनचे २०२२ आणि २०२३ चे आकडे घेतले. २०२३ मध्ये विक्री घटलेली दिसते आणि कामकाजाचा नफा वाढलेला. सासरे म्हणतात, ‘गल्ला कमी तर नफा कुठला? कागदावरचे खेळ आहेत.’ मुलगाही आता गोंधळलाय. यात बरोबर काय?
– एक वाचक, नाना पेठ

उत्तर : अहवाल खरा आहे. सासऱ्यांची शंकाही रास्त आहे, फक्त तिचं उत्तर विक्रीच्या ओळीत मिळणार नाही. मी १९८४ मध्ये भोसरीच्या एका रबर कारखान्यात कॉस्टिंगला लागले आणि एकतीस वर्षं तेच केलं. आम्ही टायर नव्हे, गाड्यांना लागणारे होज आणि बुशिंग बनवायचो. पण बॅनबरीत, म्हणजे रबर मिसळण्याच्या यंत्रात, जाणारा माल तोच : नैसर्गिक रबर, कृत्रिम रबर, कार्बन ब्लॅक, गंधक, झिंक ऑक्साइड. या धंद्यात पैसा कुठे येतो आणि कुठे अडकतो, ते मी तिथे शिकले.

आधी तुमच्याच दुकानाचा हिशेब मांडू. गेल्या वर्षी तुम्ही १,००० टायर विकले, प्रत्येकी ४,००० रुपयांना. गल्ला ४० लाख. खरेदी ३,६०० ची, म्हणजे नफा ४ लाख. या वर्षी गिऱ्हाईक कमी आलं, ९५०च टायर गेले. पण भाव ४,१५० झाला आणि खरेदी फक्त ३,६५० वर गेली. गल्ला ३९ लाख ४२ हजार ५००. नफा टायरमागे ५०० प्रमाणे पावणेपाच लाख. टायर पन्नास कमी गेले, गल्लाही घटला, आणि नफा पाऊण लाखाने वाढला. सासऱ्यांना हे पाटीवर लिहून दाखवा, त्यांना अहवाल वाचायची गरज पडणार नाही.

मिशेलिनच्या बाबतीत असंच घडलं. विक्री २०२२ मध्ये २८.५९ अब्ज युरो होती, २०२३ मध्ये २८.३४ अब्ज झाली. टायरांचा खप वजनावर जवळपास पाच टक्के घसरला. कामकाजाचा नफा मात्र ३.४० अब्जांवरून ३.५७ अब्जांवर गेला. कंपनीने वाढवलेले भाव टिकले, आणि २०२२ मध्ये आभाळाला भिडलेला कच्च्या मालाचा नि जहाजभाड्याचा खर्च उतरला.

तिसरं कारण मालाच्या मिश्रणाचं. मारुती ८०० चा १४५/७० आर १२ टायर सासऱ्यांनी किती विकला असेल! आज त्याच फळीवर एसयूव्हीचे सतरा आणि अठरा इंची टायर उभे असतील. मोठ्या टायरला रबर जास्त लागतं, पण किंमत त्याच्या कितीतरी पट जास्त मिळते. मिशेलिन जगभर याच अठरा इंची आणि त्यापुढच्या टायरांवर जोर देते. खाणीतल्या डंपरचे, शेतीच्या यंत्रांचे, विमानांचे खास टायर हा तर त्यांचा सगळ्यात कमाऊ विभाग. शंभर युरोंच्या विक्रीवर तिथे सुटतो तेवढ्याच्या निम्माही नफा ट्रकच्या टायरांत सुटत नाही. म्हणून मुलाला सांगा, कंपनीचा एकच मोठा आकडा बघू नकोस. विभागवार पान उघड. ट्रकचे टायर, मोटारींचे टायर आणि खास टायर हे एका छपराखालचे तीन वेगळे धंदे आहेत.

आणि खप का घटला, याचं उत्तर तुमच्याच गोदामात आहे. २०२२ मध्ये माल मिळेल की नाही या धास्तीने युरोप-अमेरिकेतल्या दुकानदारांनी रॅक भरून ठेवले. २०२३ मध्ये त्यांनी आधी तो साठा विकला आणि नवी ऑर्डर लांबवली. रस्त्यावर गाड्या तेवढ्याच धावत होत्या, टायर तेवढेच झिजत होते. कारखान्याला मात्र मागणी पडलेली दिसली. टायर कंपन्यांची बहुतांश विक्री बदली टायरांची असते. त्यामुळे दुकानदाराने महिनाभर हात आखडला तरी ते थेट क्लेरमाँ-फेराँपर्यंत, मिशेलिनच्या फ्रान्समधल्या मुख्यालयापर्यंत, जाणवतं.

आता ज्या पानाला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते, ते रोख प्रवाहाचं. तुमचंच उदाहरण पुढे नेते. गेल्या वर्षी तुम्ही हजार विकले, पण भाव वाढणार म्हणून अकराशे खरेदी केले. खरेदीला ३९ लाख ६० हजार गेले. वहीत नफा चार लाख, हातात फक्त चाळीस हजार. उरलेले ३ लाख ६० हजार शंभर टायरांच्या रूपाने गोदामात उभे. या वर्षी तुम्ही ८८० च खरेदी केले, ३२ लाख १२ हजारांना, साठ्यातले जुने शंभर आधी विकले आणि वर्षअखेर नव्यातले तीस शिल्लक ठेवले. हातात ७ लाख ३० हजार ५०० उरले. (साठ्यातला माल जुन्या, स्वस्त भावाचा होता म्हणून नेमका नफा ४ लाख ८० हजार येतो.) नफा ऐंशी हजारांनी वाढला, पण हातातली रोकड चाळीस हजारांवरून सव्वासात लाखांच्या पुढे गेली.

मिशेलिनचा हाच आकडा काढायला सांगा. नव्या कंपन्या विकत घेण्याआधी हातात मोकळी उरलेली रोकड २०२२ मध्ये उणे होती, सुमारे १० कोटी युरोंनी. २०२३ मध्ये ती अधिक ३ अब्ज युरो झाली. नफ्याच्या ओळी जवळपास सारख्या आणि रोकडीत एवढी तफावत! २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, खनिज तेल भडकलं, रशियातून युरोपात येणारा कार्बन ब्लॅक अडखळला. महाग माल साठ्यात पडून राहिला आणि पैसा त्यात रुतला. पुढच्या वर्षी साठा उतरवला तसा तो मोकळा झाला.

हे मी एवढं ठासून सांगते, त्याला कारण आहे. २००८ च्या उन्हाळ्यात रबराचा भाव रोज चढत होता. आमच्या मालकांनी कोट्टायमच्या व्यापाऱ्याकडून नेहमीच्या दुप्पट माल उचलला. त्या तिमाहीचा ताळेबंद मीच मांडला, आणि तो फार सुंदर दिसत होता. सप्टेंबरनंतर बाजार कोसळला, वर्ष संपेपर्यंत रबर निम्म्यावर आलं. गाडी कंपन्यांनी दर कमी करून मागितले, आणि आमच्या गोदामात चढ्या भावाच्या गाठी छताला टेकलेल्या. बँकेची मर्यादा संपली होती. त्या दिवाळीत कामगारांना बोनस दोन हप्त्यांत दिला, आणि ते सांगायला मालकांनी मला कारखान्याच्या शॉप फ्लोअरवर पाठवलं. मिक्सिंगवरच्या एका ज्येष्ठ कामगाराने विचारलं, ‘मॅडम, गेल्या तिमाहीत तर फायदा झाला म्हणालात ना?’ फायदा खराच झाला होता. तो गाठींमध्ये बसला होता, आणि गाठींचा भाव पडला. त्या दिवसापासून मी कुठलाही अहवाल मागच्या पानापासून वाचते, रोख प्रवाहापासून.

मुलाला एक गोष्ट जरूर दाखवा. कामकाजाचा नफा वाढला, पण निव्वळ नफा २०२३ मध्ये किंचित घटला : दोन अब्ज युरोंच्या जरा वरून जरा खाली. या फरकात कारखाने बंद करण्यासाठी बाजूला काढलेली रक्कमही आहे. कंपन्या ती कामकाजाच्या नफ्यात धरत नाहीत, ‘एकदाचा खर्च’ म्हणून वेगळी दाखवतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये मिशेलिनने जर्मनीतल्या कार्ल्सरूह आणि ट्रिअरचं, शिवाय होम्बुर्गचं काही उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, ग्राहकसेवा केंद्र धरून पंधराशेहून अधिक लोकांची कामं जाणार होती. वर्षभराने फ्रान्समधल्या शोले आणि वानचे कारखाने बंद करायचं ठरलं, तिथले आणखी साडेबाराशे. वर्षामागून वर्ष येणाऱ्या खर्चाला ‘एकदाचा’ म्हणणं मला पटत नाही. स्वस्त आयात टायरांपुढे युरोपातले कारखाने टिकत नाहीत, हे कंपनीचं कारण मी समजू शकते. पण प्रकल्पात ती ओळ आलीच पाहिजे, माणसांच्या संख्येसकट. गुण कमी मिळाले तरी चालतील.

प्रश्न : एमआरएफचा शेअर लाखाच्या वर आहे, म्हणजे ती देशातली सगळ्यात मोठी कंपनी ना? निवृत्तीच्या पैशातून एक तरी घ्यावा का?
– एक निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ

उत्तर : नाही, सर. १९४६ मध्ये मद्रासजवळ फुगे बनवण्यापासून सुरू झालेली ही कंपनी नावाजलेली आहे, पण शेअरचा भाव मोठा असण्याचं कारण वेगळं. तिचे शेअर आहेतच मुळी सुमारे ४२ लाख ४१ हजार, आणि त्यांचे कधी तुकडे केले गेले नाहीत. १३ जून २०२३ रोजी भावाने लाखाचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला, तेव्हा सगळ्या कंपनीची किंमत साधारण ४२,४०० कोटी होत होती. त्याच्या अनेक पट किमतीच्या कंपन्यांचे शेअर हजार-दोन हजारांना मिळतात. भाकरीचे चार तुकडे केले काय आणि चाळीस केले काय, भाकरी तेवढीच. आणि निवृत्तीचा पैसा एकाच शेअरमध्ये घालू नका, मग तो कुठलाही असो.

प्रश्न : निगडीत माझे सहा ट्रक आहेत. रबर उतरल्याच्या बातम्या येतात तेव्हा टायर उतरत नाही, आणि रबर चढलं की डीलर लगेच नवी प्राइस लिस्ट दाखवतो. ही लूट नाही का?
– एक वाहतूकदार, निगडी

उत्तर : तुमचा राग मला कळतो. थोडा भाग धंद्याच्या रचनेचा आहे. ट्रकच्या टायरात नैसर्गिक रबर मोटारीच्या टायरापेक्षा जास्त असतं, तरीही कृत्रिम रबर, कार्बन ब्लॅक आणि नायलॉन कॉर्ड ही कच्च्या तेलाची मुलं. रबर उतरलं आणि तेल चढलं, की हिशेब तिथेच. शिवाय आज विकत घेतलेलं रबर टायर होऊन तुमच्या चाकावर चढेपर्यंत दोन-तीन महिने जातात. नव्या गाड्यांसाठी टायर घेणाऱ्या कंपन्यांचे करार कच्च्या मालाच्या भावाला बांधलेले असतात, त्यांना घट काही महिन्यांनी का होईना मिळते. तुमच्यापाशी असा करार नाही. बदली टायरात कंपनी भाव धरून ठेवते आणि नफा तिथेच कमावते.

एकमेकांच्या संगनमताने भाव धरल्याचा आरोपही झालेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने अपोलो, एमआरएफ, सीएट, जेके टायर आणि बिर्ला टायर्स यांना मिळून १,७८८ कोटींचा दंड ठोठावला. आदेश २०१८ चा, लोकांसमोर आला फेब्रुवारी २०२२ मध्ये. कंपन्यांनी आरोप नाकारले, आणि त्याच डिसेंबरमध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने प्रकरण फेरविचारासाठी आयोगाकडे परत पाठवलं. त्यामुळे ‘लूट’ हा शब्द मी वापरणार नाही, पण तुमची शंका निराधार आहे असंही म्हणणार नाही.

कराची घट मात्र तुमच्यापर्यंत पोचायलाच हवी. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. मूळ किंमत १०० असेल तर बिल १२८ ऐवजी ११८. तुम्हाला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत असेल तर प्रत्यक्ष बचत कमी, पण खरेदीच्या वेळी अडकणारे पैसे नक्की कमी होतात. जुनं आणि नवं बिल शेजारी ठेवून मूळ किंमत तीच आहे ना, एवढं तपासा.

खरी बचत मात्र किलोमीटरमध्ये आहे. युरोपात मोठे ट्रकवाले टायर विकत न घेता किलोमीटरमागे पैसे देतात, आणि हवा-देखभाल कंपनी बघते. तुम्ही तो हिशेब स्वतः करा. प्रत्येक टायरचा नंबर, बसवल्याचं किलोमीटर, कुठल्या चाकाला, किती रिट्रेड झाले (झिजलेल्या टायरवर नवा थर किती वेळा चढवला), शेवटी केसिंगला, म्हणजे टायरच्या सांगाड्याला, काय मिळालं, एवढं एका वहीत लिहा. महागडा टायर दोन रिट्रेड झेलत असेल तर स्वस्तापेक्षा तो परवडतो. केसिंग पहिल्यांदाच फाटत असेल तर नाही. दर सोमवारी ट्रक थंड असताना हवा तपासा आणि तीही लिहा. सहा महिन्यांचे आकडे झाले की पाठवा, मी बसून काढून देते.