हेडर्स आखूड घ्या, पण आधी ती ‘एफडी’ थांबवा

पत्र दिग्रस तालुक्यातलं आहे. वाचक २९ वर्षांचे, गावात सेवा केंद्र चालवतात, महिन्याला १८ हजार सुटतात. घरी सहा एकर कापूस-सोयाबीन. हौसेनं २००३ ची होंडा सिटी व्हीटेक घेतली आहे. तिला लांब हेडर्स, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या, टाकू (४५ हजार) की आखूड (२२ हजार), एवढंच त्यांना विचारायचं आहे. पुढे लिहितात: ‘पैसे पीककर्जातून काढतो. रेल्वेच्या भूसंपादनाचे १८ लाख आले होते, पण बँकेतल्या साहेबांनी बाबांच्या नावानं एफडी करून दिली. दरवर्षी ४ लाख भरा लागतात, म्हणून हात आखडला.’

हेडर्सचं आधी उरकतो. लांब हेडर्समध्ये प्रत्येक सिलिंडरची नळी बरंच अंतर वेगळी जाते. एकाचा धूर सुटताना मागे जी ओढ तयार होते, ती पुढच्या सिलिंडरला उपयोगी पडते आणि इंजिनाच्या मधल्या वेगाला (आरपीएम) ओढायचा जोर, म्हणजे टॉर्क, वाढतो. आखूड हेडर्स मूळ मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या धुराच्या नळीच्या, जागी बसतात, फायदा कमी देतात. पण १०६ अश्वशक्तीच्या दीड लिटर इंजिनात, ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) ट्यून न करता, दोन्हींतला फरक बोटांवर मोजण्याइतकाच. लांब नळ्या खाली लोंबतात आणि काळ्या मातीवरचे आपले रस्ते दर पावसाळ्यात कसे उचलतात ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या बसवायला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातलं प्रदूषण कमी करणारा भाग) काढावा लागला, तर दर पाच वर्षांच्या फेरनोंदणीला आरटीओत काय दाखवणार? विनापरवाना केलेल्या प्रत्येक बदलामागे कायद्यात ५ हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला निमित्त मिळतं. तेव्हा आखूड, आणि तेही सरळ बसणारे असतील तरच. पीककर्जातून मात्र नाही. ३ लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत फेडलं, तर केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येतं. मुदत चुकली की ही सवलत गेली. आपल्या कमाईतून महिन्याला ४ हजार बाजूला टाका, सहा महिन्यांत जमतील.

आता न विचारलेलं. एफडीला दरवर्षी हप्ता नसतो हो! तुमच्या बाबांना विमा पॉलिसी विकली गेली आहे. सोबत पाठवलेल्या पत्रकात स्वच्छ लिहिलंय: दहा वर्षं ४ लाख भरा, पंधराव्या वर्षाअखेर ६४ लाख घ्या. म्हणजे ४० लाखांचा शब्द आणि हातात १८. एक हप्ता गेला, उरले १४. आणखी तीन भरले की २ लाख राहतात आणि पाचवा समोर उभा. सहा एकरांतून वर्षाला ४ लाख उरतात का, हे त्या साहेबांनी विचारलंही नसेल. बाबा आज ५८ चे, शेवटचा हप्ता ६७ व्या वर्षी. आणि परतावा? मी हिशेब केला, साडेचार टक्क्यांच्या आसपास. त्यांच्याच बँकेची साधी एफडी यापेक्षा जास्त देते. साहेब ‘पैसे दुप्पट’ म्हणाले होते, असं तुम्ही लिहिता. ४० चे ६४ दुप्पट कधीपासून झाले?

दुसरा हप्ता भरू नका. पॉलिसी परत करायची ३० दिवसांची मुदत गेली आहे, त्यामुळे दोन वाटा. पहिली तक्रारीची. पॉलिसीच्या कागदांत प्रस्ताव अर्जाची प्रत असते, त्यात बाबांचं वार्षिक उत्पन्न किती लिहिलंय ते आजच पाहा. ४ लाखांचा हप्ता बसावा म्हणून तिथे बहुधा १०-१२ लाख ठोकलेले असतील. तुमचा सातबारा आणि कापूस विकल्याच्या पावत्या त्या आकड्यासमोर ठेवा, ‘एफडी सांगून विमा विकला’ असं कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या आणि पोच घ्या. कंपनीचा पडताळणीचा फोन आला तेव्हा ‘सगळ्याला हो म्हणा’ असं साहेबांनी बजावलं असेल, तर तेही लिहा. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

दुसरी वाट सरेंडरची, म्हणजे पॉलिसी मधेच बंद करून मिळेल ते परत घेण्याची. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनी अशा पॉलिसीत एक पूर्ण वर्षाचा हप्ता भरून वर्ष झालं की काहीतरी परत मिळतं. तुमची पॉलिसी त्यानंतरची आहे. आकडा कंपनीकडून लेखी मागा. माझ्या अंदाजानं ४ लाखांतले दोन-अडीच येतील. दीड-दोन लाख बुडाल्याचं वाईट वाटेल, पण ते वाचवायला पुढचे ३६ लाख घालणार आहात का?

उरलेले १४ लाख एका बँकेत ठेवू नका. ठेवींना विम्याचं संरक्षण एका बँकेत ५ लाखांपर्यंतच असतं, त्यात व्याजही धरतात, त्यामुळे चार बँकांत वाटा, एफडी दोन वर्षांची करा. बाबा ६० चे झाले की पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजना. सध्याच्या ८.२ टक्क्यांनं १४ लाखांवर तिमाहीला २८ हजारांच्या वर व्याज येतं. ते बाबांच्या औषधपाण्याचं, हेडर्सचं नव्हे.

आणि बँकेत बाबांना एकट्यानं पाठवू नका. हप्ता थांबला की साहेब घरी येतील, ‘आणखी एकच भरा, मग काढता येईल’ म्हणतील. जे काही सांगायचं ते बँकेच्या लेटरहेडवर लिहून द्या, म्हणा.