सुडीची सावली निळी कशी?

प्रश्न : क्लोद मोनेच्या ‘सूर्यास्तातली गंजी’ या चित्राची छापील प्रत पाहिली. गंजीच्या कडा लाल, सावली निळी-जांभळी. आमच्या रानात संध्याकाळची सावली काळीच दिसते. मग हे रंग चित्रकाराच्या मनचे का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : आधी एक दुरुस्ती करते, ती तुम्हाला लगेच पटेल. ही गवताची गंजी नाही. फ्रान्समधल्या जिव्हर्नी गावात, मोनेच्या घराजवळच्या शेतात, मळणीआधी रचलेल्या गव्हाच्या पेंढ्या आहेत. तुमच्याकडे ज्वारीची असते तशी सुडीच.

आता सावली. तिथे थेट ऊन पोचत नाही, पण आभाळाचा उजेड पोचतो आणि तो निळसर असतो. सूर्य कलला की उन्हाला हवेतून लांबचा पल्ला पडतो. वाटेत निळा विखुरतो, नारिंगी उरतो. शिवाय नारिंगीशेजारचा करडा रंगही डोळ्यांना निळा भासतो. रंगांचा हा शेजारधर्म रसायनशास्त्रज्ञ शेव्रलने १८३९ मध्येच मांडला होता. तुमचंही चुकलेलं नाही. बार्शीच्या काळ्या मातीवर सावली काळीच दिसणार! मोनेपुढे गहू कापून उरलेली फिकट धसकटं होती.

मूळ चित्र १८९१चं, बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे. मुलीकडे गेले होते तेव्हा त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिले. सूर्य सुडीच्या मागे, म्हणजे आपल्यासमोर तिची सावलीतली बाजू. तरी ती बाजू मेलेली नाही. रंगाच्या जाड फटकाऱ्यांनी धगधगते आहे. छपाईत नेमकं हेच जातं, सगळं सपाट होतं.

आणि हे सगळं त्याने पळत्या उजेडात टिपलं. सूर्य इतका झपाट्याने बुडतो की त्याला गाठता येत नाही, असं त्याने ऑक्टोबर १८९० मध्ये जेफ्रॉय या मित्राला कळवलं होतं. म्हणून तो एकाच वेळी अनेक कॅनव्हास शेतात न्यायचा आणि उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. शेवटचा हात मात्र घरी, स्टुडिओत फिरवायचा.

तुम्ही एक करा. ऊन कललं की कोरा कागद जमिनीवर ठेवा, अर्धा उन्हात, अर्धा सावलीत. सुडी नसेल तर गोठ्याची भिंत चालेल. काय रंग दिसला ते मला जरूर लिहा.